निराशेच्या काळातील आशा : लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तील ख्रिस्ती श्रद्धेचे स्वरूप

बीजसंज्ञा : आशा, विलाप, ख्रिस्ती श्रद्धा, स्मृतिचित्रे, करुणाष्टके, अभंग, दुष्काळ, जालना.

प्रस्तावना

मराठीतील ख्रिस्ती साहित्याचा विचार फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'पासून (१६१६) केला जातो. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाने या प्रवाहाला भरीव स्वरूप प्राप्त झाले. या साहित्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले असले, तरी त्यातील बराचसा विचार धर्मांतराच्या प्रश्नाभोवतीच फिरत राहिला आहे. धर्म का बदलला, कोणी बदलला, समाजाची प्रतिक्रिया काय झाली, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु ज्या माणसांनी हे लेखन केले, त्यांनी दुष्काळ, प्लेग, अपत्यवियोग, जातिबहिष्कार अशा प्रसंगी धीर कोठून आणला आणि त्या धीराला मराठीत कोणती भाषा दिली, हा प्रश्न मात्र त्या मानाने मागे पडलेला दिसतो.

जालना जिल्ह्यात मराठीचे अध्यापन करताना हा प्रश्न केवळ वाङ्मयेतिहासाचा राहत नाही. १९७२ चा आणि २०१२-१३ चा दुष्काळ या जिल्ह्याने सोसला. दुसऱ्या दुष्काळात वर्षानुवर्षे जोपासलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. शेतकरी आत्महत्या हा शब्द मराठवाड्यातील वर्गात उच्चारताना शिक्षकाला समोरच्या चेहऱ्यांकडे पाहूनच बोलावे लागते. 'स्मृतिचित्रे' शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने सांगितले की, घरावर आपत्ती आली तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण 'देवावर भरवसा ठेवा' एवढेच म्हणून गेला. काय झाले, हे ऐकून घ्यायला कोणी बसले नाही. प्रस्तुत निबंधाची प्रेरणा या वाक्यात आहे. श्रद्धेने दिलेली आशा ही दुःखितांचे तोंड बंद करणारी असते, की त्याला बोलते करणारी असते, हा येथील मुख्य प्रश्न होय.

उद्दिष्टे

१. ख्रिस्ती परंपरेतील 'आशा' व 'विलाप' या संकल्पनांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२. मराठी भक्तिपरंपरेने या संकल्पनांना कोणती पूर्वभूमी पुरविली, ते पाहणे.
३. 'स्मृतिचित्रे'तील श्रद्धेचे स्वरूप तपासणे व त्याच्या मर्यादा जालना परिसराच्या संदर्भात नोंदविणे.

१. आशा आणि विलाप

सामान्य व्यवहारात आशा म्हणजे 'पुढे चांगले होईल' असा अंदाज. ख्रिस्ती विचारातील आशा या अर्थाची नाही. बायबलच्या 'स्तोत्रसंहिते'त स्तुतिस्तोत्रांच्या बरोबरीने विलापाची स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत. त्यांत भक्त देवाला जाब विचारतो, तो लपून का बसला आहे असे विचारतो, किती काळ विसरणार असा प्रश्न करतो. यांपैकी बहुतेक स्तोत्रे शेवटी विश्वासाकडे वळतात. पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र अंधाराच्याच उल्लेखाने संपते, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकातून वगळले गेले नाही. 'ईयोब' या ग्रंथात दुःखिताला उपदेश करणाऱ्या मित्रांनाच देव शेवटी दोषी ठरवितो. मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत क्रूसावरील येशू बाविसाव्या स्तोत्रातील, देवाने टाकून दिल्याचा आक्रोश उच्चारतो. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेल्या प्रसंगातच तक्रारीला स्थान आहे.

विसाव्या शतकात ही गोष्ट जर्मन धर्मचिंतक युर्गेन मोल्टमन (१९२६-२०२४) यांनी नव्याने मांडली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ पर्यंत ते ब्रिटिशांच्या ताब्यात युद्धकैदी होते. छावणीत मिळालेल्या बायबलमधील विलापस्तोत्रांनी आणि क्रूसावरील त्या आक्रोशाने आपल्याला श्रद्धेकडे नेले, असे त्यांनी सांगितले आहे. 'आशेचे धर्मशास्त्र' हा त्यांचा ग्रंथ १९६४ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. आशा माणसाला आहे त्या परिस्थितीशी तडजोड करायला शिकवीत नाही, तर त्या परिस्थितीविषयी अस्वस्थ करते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होय. पौलानेही 'रोमकरांस पत्रा'त क्लेशातून धीर, धीरातून कसोटीला उतरलेले शील आणि त्यातून आशा असा क्रम सांगितला आहे. येथे आशा शेवटी येते. क्लेश टाळून ती मिळत नाही.

२. मराठी पूर्वभूमी

ही भाषा मराठीला परकी नव्हती. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे आजच्या जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात आहे. बलोपासनेचा पुरस्कार करणाऱ्या रामदासांचीच 'करुणाष्टके' ही मराठीतील व्याकूळ प्रार्थनेची उत्कृष्ट उदाहरणे आहेत. त्यांत भक्त आपली असहायता, पश्चात्ताप आणि एकटेपण रामापुढे उघडे करतो. संत तुकारामांनी १६२९-३० च्या सुमारास सुरू झालेल्या भीषण दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा गमावला, व्यापार बुडाला. या आपत्तीने आपल्याला देवाकडे वळविले असे ते एका ठिकाणी मानतात, तर इतर अनेक अभंगांत विठ्ठलाशी कडाक्याचे भांडतात. या दोन्ही भूमिका एकाच भक्ताच्या आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे.

रेव्हरंड टिळक (१८६१-१९१९) हे या परंपरेत वाढलेले कवी होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामांच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. 'अभंगांजली'मध्ये त्यांनी ख्रिस्ताला माउली मानून जी आळवणी केली आहे, तिचे वळण वारकरी आहे. त्यामुळे येथे केवळ छंद उसना घेतला गेला असे म्हणता येणार नाही. देवाशी सलगीने बोलण्याचा, रुसण्याचा आणि पुन्हा त्याच्याच पायाशी येण्याचा जो अधिकार संतांनी मराठी माणसाला मिळवून दिला होता, तो टिळकांनी ख्रिस्ती मंडळीत आणला, हे त्यांचे महत्त्वाचे कार्य होय.

तथापि, काव्यात आर्तता व्यक्त होणे आणि रोजच्या जगण्यात ती निभावणे यांत अंतर आहे. ते अंतर टिळकांच्या पत्नीच्या गद्यात दिसते.

३. 'स्मृतिचित्रे' : दुःखाची नोंद आणि आशेचा व्यवहार

लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रकाशित झाले. धर्मांतरितांच्या आत्मकथनांचा एक ठरलेला साचा असतो : आधी अंधार, मग प्रकाश. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचे 'अरुणोदय' हे नावच हा साचा सुचविते. लक्ष्मीबाईंनी मात्र आपल्या पुस्तकाला उदयाचे नाव दिले नाही. त्यांनी चित्रे काढली, आणि त्या चित्रांत धर्मांतरापूर्वीचा काळ सर्वस्वी काळा नाही व नंतरचा सर्वस्वी उजळ नाही.

(अ) ताटातुटीची वर्षे : टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह माहेरच्या व सासरच्या नातेवाइकांकडे नाशिक, पंढरपूर येथे राहिल्या. हा वियोग सुमारे पाच वर्षांचा होता. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, अशी ही अवस्था होती. विधवेचे दुःख समाजाला ठाऊक होते व त्याचे विधीही ठरलेले होते; या दुःखाला मात्र नावही नव्हते. या भागाचे वैशिष्ट्य असे की, लेखिका पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्या असूनही त्यांनी त्या वेळचा आपला संताप, नवऱ्याविषयीचा राग व शरम सौम्य करून सांगितलेली नाही. 'पुढे सारे चांगलेच झाले' या ज्ञानाचे पांघरूण त्या भूतकाळावर घालीत नाहीत. ज्या स्त्रीचा आक्रोश त्या वेळी कोणी ऐकला नाही, तिला लेखिका चाळीस वर्षांनंतर बोलू देते. स्तोत्रकर्त्याचा विलापही याच जातीचा आहे.

(आ) सोवळ्याकडून पाण्याकडे : पुस्तकाच्या प्रारंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर सासऱ्यांना झालेल्या फाशीचा त्यांच्या मनावर आघात झाला आणि शुद्धतेचे वेड त्यांच्या डोक्यात शिरले. बाजारातून आणलेले मीठ-साखरसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली होती. वाचक येथे हसतो; परंतु हा विनोद एका भेदरलेल्या घराचा आहे. भीतीने माणसाचा जगाशी असलेला संबंधच तोडला, असे त्याचे स्वरूप आहे. या पार्श्वभूमीवर लक्ष्मीबाईंच्या परिवर्तनाकडे पाहिले पाहिजे. टिळकांकडे परत आल्यावरही त्या प्रथम आपले पाणी व स्वयंपाक वेगळा ठेवून राहिल्या. पुढे राहुरीच्या वास्तव्यात त्यांच्या मनाने कौल दिला की, माणसे देवाने केली आणि जाती माणसांनी. त्यानंतर त्या इतरांच्या हातचे खाऊ-पिऊ लागल्या, आणि बाप्तिस्मा १९०० मध्ये, या परिवर्तनानंतर आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांच्या बाबतीत श्रद्धेने प्रथम स्पर्शाची भीती काढली. आशेचे पहिले रूप येथे परलोकाचे आश्वासन हे नसून दुसऱ्याच्या हातचे पाणी हे आहे.

(इ) विनोद : 'स्मृतिचित्रे'तील विनोदाची स्तुती सर्वच समीक्षकांनी केली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याकडे आणखी एका अंगाने पाहता येते. टिळकांचा तापट व लहरी स्वभाव, हाती आलेला पैसा कोणालाही देऊन टाकण्याची सवय आणि त्यापायी होणारी घराची ओढाताण या साऱ्या गोष्टी सांगताना लक्ष्मीबाई तक्रार सोडत नाहीत, पण तिला कडवट होऊ देत नाहीत. नवऱ्याला त्या संत करीत नाहीत आणि खलपुरुषही करीत नाहीत. निराश मनाला माणसाची एकच बाजू दिसते. दोन्ही बाजू एकदम दिसणे, ही या विनोदामागील दृष्टी आहे. आणि क्षमेला जवळची अशी दुसरी दृष्टी नाही.

(ई) परक्यांची मुले : टिळक दांपत्याला अपत्यमृत्यूचे दुःख पुन्हा पुन्हा सोसावे लागले. त्या प्रसंगांच्या वर्णनात लक्ष्मीबाईंनी धार्मिक स्पष्टीकरण जवळजवळ कोठेच दिलेले नाही. मूल का गेले, याचे उत्तर त्या देवाच्या योजनेत शोधीत बसत नाहीत. पुस्तक वाचताना दिसते ते एवढेच की, या घरात दुसऱ्यांची मुले येत राहिली. १८९९-१९०० च्या दुष्काळाने पोरकी केलेली मुले, आश्रयाला आलेले विद्यार्थी, प्लेगच्या दिवसांतील आजारी माणसे यांनी ते घर भरलेले असे.

या मुलांतलेच एक त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी (१८९०-१९१८). अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ते टिळकांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. निसर्गाच्या आनंदाचा कवी म्हणून त्यांची ख्याती असली, तरी 'पारवा', 'खेड्यातील रात्र' यांसारख्या कवितांतून त्यांच्या मनातील गूढ उदासीनता प्रकट झाली आहे. मराठी कवितेतील एका मोठ्या उदासीनतेला या ख्रिस्ती घरात आसरा मिळाला होता. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांची उदासीनता गेली नाही आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली त्यांचा अंत झाला. लक्ष्मीबाईंच्या ममतेत या कशानेही उणेपणा आलेला दिसत नाही. आशा देणे म्हणजे दुसऱ्याचे दुःख घालविण्याची हमी देणे नव्हे. त्याला, त्याच्या दुःखासकट, घरात जागा देणे होय, असा अर्थ या नात्यातून निघतो. त्या विद्यार्थ्याच्या अनुभवाला 'स्मृतिचित्रे' जे उत्तर देते, ते माझ्या मते येथे आहे.

(उ) अपूर्ण ग्रंथाची पूर्ती : ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरुवातीच्या सुमारे दहा अध्यायांवर थांबलेले होते. शाळेचे रीतसर शिक्षण नसलेल्या, लिहिणे-वाचणे नवऱ्याकडून शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढील साठांहून अधिक अध्याय रचून ते पूर्णत्वास नेले. काव्यगुणांच्या दृष्टीने दोघांच्या रचनांची तुलना समीक्षकांनी करावी. येथे नोंदवायचे ते इतकेच की, वियोगाला त्यांनी दिलेले उत्तर हे एक काम होते, आणि ते वर्षानुवर्षे चालले.

४. दुष्काळाची स्मृती : पंडिता रमाबाई

लक्ष्मीबाईंचे उदाहरण अपवादात्मक नाही, हे दाखविण्यासाठी पंडिता रमाबाईंचा (१८५८-१९२२) थोडक्यात उल्लेख आवश्यक आहे. १८७० च्या दशकातील दक्षिण भारतातील दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. उपासमार त्यांनी स्वतः भोगली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तेथे गेल्या आणि निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावचे 'मुक्ती' हे कार्य यातून उभे राहिले. आपल्या जुन्या उपासमारीच्या आठवणीनेच या मुलींची अवस्था आपल्याला स्वस्थ बसू देईना, असे त्यांनी लिहिले आहे. स्वतःचे दुःख विसरणे ही त्यांच्या आशेची अट नव्हती; त्याची आठवण हेच तिचे बळ होते.

५. जालन्याचे मौन : विवेचनाच्या मर्यादा

येथपर्यंत ज्यांचा विचार केला, ते तिघेही जन्माने ब्राह्मण व ग्रंथपरंपरेत वाढलेले होते. या मर्यादेची जाणीव जालन्यात बसून अधिक तीव्रतेने होते. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे असेच एक धर्मांतरित ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने आई-वडिलांच्या स्वाधीन केल्यावर त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याची बाजू घेतली. हा प्रसंग महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. त्याच नारायण शेषाद्रींनी १८६० च्या दशकापासून स्कॉटिश फ्री चर्चतर्फे तत्कालीन निजामी राज्यातील जालन्यात काम केले आणि सालारजंग यांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. 'बेथेल' म्हणजे देवाचे घर. या वसाहतीतील बरेचसे लोक मातंग समाजातून आलेले होते.

ज्यांना गावात घर गावकुसाबाहेर, आणि विहीर असून पाणी नाही, अशा माणसांना आपल्या नावाची वस्ती, कसायला जमीन व मुलांना शाळा मिळणे, ही आशेची अगदी मूर्त कल्पना होती. लक्ष्मीबाईंना सोवळे सोडून दुसऱ्याच्या हातचे पाणी पिण्यात जी मोकळीक मिळाली, तिची दुसरी बाजू या माणसांनी अनुभवली असणार. कारण ज्यांच्या हातचे पाणी वर्ज्य होते, ते हेच होते. परंतु त्यांची 'स्मृतिचित्रे' आपल्याजवळ नाहीत. धर्मांतराने जातीचा जाच संपला असेही म्हणता येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींचा दर्जा आजही मिळत नाही. त्यामुळे श्रद्धेतून आलेल्या त्यांच्या आशेचे स्वरूप काय होते, ती कोठे टिकली आणि कोठे तुटली, याचे उत्तर टिळक-रमाबाईंच्या ग्रंथांवरून काढणे योग्य होणार नाही. ते मौखिक आठवणींत, घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या भजनांत व मंडळ्यांच्या जुन्या नोंदवह्यांत शोधावे लागेल.

निष्कर्ष

१. ख्रिस्ती परंपरेतील आशा ही विलापाला पर्याय म्हणून येत नाही. विलापाला वाट करून दिल्यावरच ती संभवते, हे 'स्तोत्रसंहिता', 'ईयोब' आणि क्रूसावरील आक्रोश यांवरून स्पष्ट होते.

२. रामदासांची करुणाष्टके आणि तुकारामांचे अभंग यांनी देवापुढे मन मोकळे करण्याची जी भाषा घडविली, तिच्यामुळे ही आशा मराठीत परकी वाटली नाही. टिळकांचे अभंग हे या सातत्याचे उदाहरण होय.

३. 'स्मृतिचित्रे'त श्रद्धा दुःखाचे स्पष्टीकरण देत नाही. ती स्पर्शाची भीती घालविते, माणसाच्या दोन्ही बाजू पाहायला शिकविते, परक्याला घरात घेते व अपुरे काम पुढे नेते. आशा येथे भावनेपेक्षा आचरणात अधिक दिसते.

४. हे निष्कर्ष मुख्यतः उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या लेखनावर आधारलेले आहेत. जालना परिसरातील ख्रिस्ती समाजाच्या मौखिक साहित्याचे संकलन झाल्याशिवाय हे चित्र पूर्ण होणार नाही. आपल्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी हे काम प्रकल्परूपाने हाती घ्यावे, असे येथे सुचवावेसे वाटते. ज्यांच्या आठवणीत हे सारे जपलेले आहे ती पिढी आता थकली आहे, म्हणून या कामात विलंब होऊ नये.

शेवटी पुन्हा त्या विद्यार्थ्याच्या वाक्याकडे यावे लागते. दुष्काळी मुलखात आशेविषयी बोलणे सोपे नाही आणि आशेचा उपदेश करणे तर त्याहून धोक्याचे आहे. 'स्मृतिचित्रे' उपदेश करीत नाही. काय झाले ते सांगते, आणि वाचकालाही स्वतःचे सांगण्याचा धीर देते. वर्गात हे पुस्तक शिकविल्यानंतर विद्यार्थी आपल्या घरच्या दुष्काळाविषयी बोलू लागतात, असा अनुभव आहे. साहित्याच्या शिक्षकाला त्या वेळी एकच गोष्ट करता येते. तास संपल्याची घंटा झाली तरी बसून ते ऐकून घेणे.